उतरून राहिले

अक्का, तू गेलीस आणि मला हायसं वाटलं.

हे वाक्य मी तुझ्या जलदानविधीला मांडवात उभं राहून म्हटलं असतं, तर आत्याच्या नातवांनी मला खुर्चीसकट उचलून रस्त्यावर नेऊन ठेवलं असतं. म्हणून तिथं मोघम बोललो. अक्का म्हणजे शिस्त, अक्का म्हणजे माया, असलं काहीबाही. पाच मिनिटांत खाली बसलो. लोक एकमेकांना विचारायला लागले, मिलिंदरावांची तब्येत बरी नाही का? कारण माझं साधं आभारप्रदर्शनही तासभर चालतं आणि त्यात निदान एक वाघ असतो, हे सगळ्या लातूरला ठाऊक आहे. त्या दिवशी तोंडात खरं होतं, अक्का. खरं बोलायची सवय नसल्यामुळं जीभ अडखळली.

हायसं वाटलं ते तू साधी मेलीस म्हणून. आपल्या घरात, खुर्चीत, चहा पिऊन, दोन्ही पाय फरशीला टेकवून. चाळीस वर्षं मला एकच धास्ती होती, की एखाद्या उन्हाळ्यात कंधारकडून निरोप येईल, ‘तुमची अक्का बारवेत सापडली.’ तो निरोप आता येणार नाही. तुझ्या मयताला आलेल्या माणसांत मनातून सुटका झालेला मी एकटाच होतो. आणि त्याच वेळी सगळ्यात जास्त रडलो तोही मीच. दोन्ही खरं आहे. तू नेहमी म्हणायचीस, मिल्या, तुझ्या बोलण्यातलं निम्मं कापून टाकावं. यातलं कुठलंही निम्मं काप, उरलेलं खरंच निघेल.

आता तुला माहीत असलेलंच तुला सांगतो, कारण तुझ्या खांद्यावरून चार लोक वाचणार आहेत.

लातूर जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नवे साहेब, नवे शिपाई. तू नांदेडहून झेडपीत आवक-जावक कारकून म्हणून आलीस आणि तुझ्या मागं शेपटासारखा मी. काझीसाहेबांच्या छापखान्यात मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. काय दिवस होते ते! प्रत्येक शाळा, प्रत्येक सोसायटी, प्रत्येक दुकान धावत यायचं, ‘जिल्हा उस्मानाबाद’ काढा, ‘जिल्हा लातूर’ घाला. ‘ला’, ‘तू’ आणि ‘र’ हे खिळे इतके झिजले की शेवटी शेवटी लेटरहेडवर जिल्ह्याचं नाव बोटानं चाचपून वाचावं लागायचं. जुने फॉर्म, जुनी पावतीपुस्तकं रद्दी होऊन छतापर्यंत गेली होती. एक मांजर त्या ढिगावर चढली, ती उतरली तेव्हा तिच्यामागं नातवंडं होती.

आणि त्या गडबडीत एका दुपारी तू डबा खायच्या सुट्टीत आलीस, पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून माझ्या खिळ्यांच्या केसशेजारी, त्या खणाखणांच्या पेटीशेजारी, ठेवलास आणि म्हणालीस, “हे छापायचं.”

मला वाटलं झेडपीचं काही असेल. वरच्या पानावर एकच अक्षर. ‘ओ’.

काझीसाहेबांनी चष्मा कपाळावर नेला. “मिलिंदमियाँ, ये नाव हय के डकार? बाकीचं कुठं गेलं?”

“एवढंच नाव आहे, साहेब,” तू म्हणालीस. “हाक मारल्यावर आपण देतो ती ओ.”

“चलो, अच्छा हय,” ते म्हणाले. “इस खिळे कू कोई हात नहीं लगाया.” आणि खरंच, सरकारी कागदात कुणी कुणाला ओ देत नाही. केसमधला तो एकच खिळा नवाकोरा होता.

त्या कादंबरीनं माझी झोप घालवली. लोक पान उलटून भितात. मी एकेक अक्षर उलटं बघून, बोटानं उचलून, ओळीत लावून भ्यालो. एवढं सावकाश कुणीच भ्यालेलं नसेल. दुष्काळातलं गाव. सोळा वर्षांची पोरगी. सगळं तीच सांगते, आणि इतकं गोडीनं सांगते की अंगावर काटा यावा. कोरड्या बारवेच्या काठाशी ओणवून ती गावातल्या एकेकाचं नाव आत सांगते. मग भर दुपारी बारव त्या नावानं हाक मारते. ज्यानं ओ दिली तो घरात रांजण भरलेला असताना तहानेनं वाळत जातो. मास्तर वाळतो. शेजारीण वाळते. पोरगी आपली शांतपणे पुढचं नाव सांगायला जाते. ‘मी वाईट नाही. मला फक्त सगळ्यांची नावं पाठ आहेत.’ हे वाक्य जुळवताना माझ्या हातून ‘नावं’मधला अनुस्वार दोनदा खाली पडला.

आणि शेवटी, सगळं गाव संपल्यावर, ती उठते, पदर खोचते, आणि कादंबरीचं शेवटचं वाक्य येतं. ‘मी उतरून राहिले.’

प्रूफ बघायला एक निवृत्त गुरुजी यायचे. त्यांनी त्या वाक्याखाली पेन्सिल मारली. “बाई, इथं ‘उतरत आहे’ असं करू का? शुद्ध होईल.”

“ती पोरगी कंधारकडची आहे, गुरुजी,” तू म्हणालीस. “तिला शुद्ध करू नका.”

गुरुजी हसले, पेन्सिल खोडली. ते गेल्यावर मी तुला धरलं. “अक्का, मग पुढं काय व्हतं तिचं?”

“पुढं पान संपतं.”

“वर येती का न्हाई?”

“तू खिळे लाव, मिल्या.”

आपलं भांडण तिथं सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही. तू गेलीस म्हणून मी हार मानली असं समजू नकोस.

मला धास्ती का होती, ते लोकांना कळायचं तर त्यांना आपल्या बारवेपाशी न्यावं लागेल. मोठ्या दुष्काळात तू सोळाची होतीस, मी तुझ्या कमरेएवढा. आई आणि दादा, म्हणजे आपले वडील, दुष्काळी कामावर खडी फोडायला. आपण दोघं त्या ढिगाच्या सावलीला. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर खाऊन माझ्या पोटात दगड पडायचे आणि तू ढिगातल्या खडीनं धुळीत क, का, कि, की काढून मला वाचायला शिकवायचीस. त्याला बाराखडी म्हणतात हे कळल्यावर मी दादांना विचारलं होतं, ही बारा खडी कुठल्या ढिगातली? पुढं माझं पोट ज्या अक्षरांवर चाललं ती सगळी तू मला त्या धुळीत दिलीस. याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, निम्मे काप.

आणि गावची बारव. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, मधे काळंशार पाणी. पाणी होतं तोवर त्या पायऱ्यांवर आपला पाय नव्हता. दादांनी बुद्ध स्वीकारला, घरातले जुने देव गेले, तुझं नाव यशोधरा ठेवलं, माझं मिलिंद. पण बारवेला त्याची खबर नव्हती. आपण वरच्या कट्ट्याशी घागर ठेवून उभं राहायचं, कुणाच्या मनात आलं की वरून धार. त्या उन्हाळ्यात तळाला भेगा पडल्या आणि बारव सगळ्यांची झाली. शेळ्या उतरल्या, पोरं उतरली, आपण उतरलो. कुणी हटकलं नाही. हटकावं असं आत काही उरलंच नव्हतं.

तू मात्र रोज उतरायला लागलीस. दुपारी, सगळे कामावर असताना. तळाशी जाऊन बसायचीस. मी वर काठावर. एकदा खालून तू मला हाक मारलीस. “मिल्याऽऽ.” तो आवाज भिंतींना घासत वर आला तेव्हा तुझा राहिलेला नव्हता, शंभर वर्षांच्या म्हातारीचा झाला होता. मी ओ दिली. आणि त्याच आठवड्यात मला गोवर झाला. असा गोवर की आत्या म्हणायची, पोराच्या अंगावर मोहरी ठेवली तर तडतडंल. ती उशाशी बसून पुटपुटत होती, “दुपारच्या हाकंला ओ दिली ह्यानं. न्हाई द्यायची. कोनी बोलावलं तरी दुपारी ओ न्हाई द्यायची.”

तू दाराच्या चौकटीला टेकून उभी होतीस. मी वाचलो, उठलो, पुन्हा पाटीभर थापा मारायला लागलो. पण तू त्यानंतर पुष्कळ दिवस कुणाशीच बोलली नाहीस. आणि बारवेच्या काठाशी जाऊन बसणं सोडलं नाहीस.

म्हणून छापखान्यात ते शेवटचं वाक्य हातात आलं तेव्हा मला कादंबरीतली पोरगी दिसलीच नाही. तू दिसलीस.

पुस्तक आलं आणि काय धुमाकूळ झाला! पहिली आली आत्या. दादांची बहीण, पारू, एका डोळ्यानं तिरळी, तळहातावर तंबाखू मळत मळत सगळ्या भावकीचा निकाल लावणारी. तिला वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

“यशे,” ती दारातूनच ओरडली, “मला मारलंस तर मारलंस, पन तहानंनं? माझ्या घरचा रांजण कवा रिकामा बघितला का तू? चार लोकं काय म्हनत्याल!”

“आत्या, ती तू न्हाईस गं. कादंबरीतली बाई हाय ती.”

“तिरळी, तंबाखू मळनारी, पारू नावाची दुसरी कोन हाय गावात? तिची माझी गाठ घालून दे!”

तासाभरानं चहा पोटात गेल्यावर तिचा राग विरघळला. महिन्याभरात ती लोकांना स्वतःहून सांगायला लागली, “यशीच्या बुकात मी हाय. दुसऱ्या भागात मरते. फुडचं नका वाचू, दम न्हाई त्यात.” मात्र त्या दिवसापासून मरेपर्यंत तिनं कुणाच्याही हाकेला ओ दिली नाही. दवाखान्यात नर्सनं नाव पुकारलं तरी नुसता हात वर करायची.

मग धर्माबादचा तो मास्तर. तुला बघायला आला होता. पांढरा सदरा, तेल लावलेले केस, अगदी चांगला माणूस. बिचाऱ्यानं तयारी म्हणून तुझं पुस्तक वाचलं होतं. तू तांब्या-पेला घेऊन बाहेर आलीस, त्याच्यासमोर पाणी धरलंस आणि इतक्या मऊ आवाजात विचारलंस, “आपलं नाव काय म्हणालात?”

पेला त्याच्या हातात वाजायला लागला. त्यानं नाव सांगितलं नाही. पाण्याला तोंड लावलं नाही. “गाडीची वेळ झाली,” म्हणाला आणि उठला. मी असं सांगतो की तो धर्माबादपर्यंत एस्टीच्या पुढं पळत गेला आणि पुढं त्यानं गॅझेटमध्ये नाव बदलून घेतलं. तू म्हणायचीस, “खोटं आहे. रिक्षानं गेला.” बरं, रिक्षानं गेला. पण तू मुद्दाम विचारलंस ना? आत जाऊन पिठाच्या डब्यात तोंड घालून हसत होतीस, ते मी बघितलंय. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या तुझ्या.

याच सुमारास पुण्याहून एका प्राध्यापकांचं परीक्षण आलं. त्यांनी लिहिलं होतं, निवेदिका बारवेत उतरते आणि तिथंच राहते. म्हणजे ही सबंध कादंबरी एका मेलेल्या मुलीनं तळातून सांगितलेली आहे, मराठीत असं धाडस क्वचित दिसतं. त्यांनी ‘उतरून राहिले’ हे ‘जाऊन राहिले’सारखं वाचलं होतं. मला वाटलं तू चिडशील. तू ते परीक्षण पुन्हा पुन्हा वाचलंस, डोळे लकाकत होते.

“बघ मिल्या. एवढं भारी लिहिलंय, ते आपल्यालाच ठाऊक नव्हतं.”

“पण तुझ्या मनात तसं व्हतं का?”

“आता आहे.”

अक्का, खरं सांगू? पुण्याचं वाचन मला आवडलं होतं. त्यात ती पोरगी उतरली, राहिली, मेली, विषय संपला. आपल्या बोलीत ती संपत नाही. आपल्याकडं बाई ‘जेवून राहिले’ म्हणाली तर ताटावरच असते. ‘येऊन राहिले’ म्हणाली तर वाटेत असते. म्हणजे ती पोरगी उतरतेच आहे. आज उतरतीये, पुढच्या उन्हाळ्यात उतरतीये, तू झेडपीत टपालावर शिक्के मारून राहिलीस तेव्हाही उतरतीये. आणि चालू असलेल्या गोष्टीवर माणसानं पाळत ठेवायची तरी किती?

मी ठेवली. आपल्या पद्धतीनं ठेवली. दर उन्हाळ्यात तू गावाकडं जाण्याचं नाव काढलंस की मी काहीतरी उठवून द्यायचो. एका वर्षी कंधारच्या स्टँडवर सांगितलं, आमच्या बारवेत बिबट्यानं पिल्लं घातलीत. सहज, पान खाता खाता. आठवड्यानं लोह्याला जाणाऱ्या एस्टीत कंडक्टर मलाच सांगायला लागला, “पाव्हणं, तिकडं जाऊ नका, बारवंत बिबट्या हाय. नर-मादी दोन्ही. परवा एक म्हैस उचलली.” म्हैस मी घातली नव्हती. फॉरेस्टवाले पिंजरा घेऊन आले, तो त्यांनी महिनाभर तिथं ठेवला. खुद्द मलाच संशय यायला लागला की बिबट्या असेल.

तू पेपर वाचता वाचता मान वर न करता म्हणालीस, “बिबट्याला नाव विचारून ये.”

तुला सगळं कळत होतं. मला धास्ती आहे हे कळत होतं. पण ‘नाही, मी उतरणार नाही,’ असं तू एकदाही म्हणाली नाहीस. मीही कधी सरळ विचारलं नाही. बिबट्या मधे बसलेला बरा पडायचा.

मग लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. आपण घरात अंघोळीचं पाणी कुंड्यांना, भांड्यांचं पाणी संडासात असं करत होतो. शेजारी कुणी डोळे पुसले तरी लोक म्हणायचे, जपून वापरा. तू रिटायर होऊन माझ्याकडं वरच्या खोलीत राहायला आली होतीस. एक दिवस म्हणालीस, “मिल्या, मला बारवेला घेऊन चल.”

बिबट्या काढायला वेळच मिळाला नाही. तू चप्पल घालून गाडीत बसली होतीस.

बारव कोरडी ठाक. तळाच्या भेगा तशाच, जणू त्याच. तू काठाशी चप्पल काढलीस, साडी सावरलीस आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवलास. माझ्या अंगातलं पाणी तिथंच आटलं. मी मागं. गुडघे कुरकुरत, भिंतीला हात लावत, दोन म्हातारी माणसं खाली गेली. तळाशी एका दगडावर तू बसलीस. वर चौकोनी आभाळ.

“गार लागतं इथं,” तू म्हणालीस. “इथंच राहावंसं वाटतं.”

अशा वेळी माणसानं शहाण्यासारखं काही बोलावं. मी घाबरलो की बरळतो. म्हटलं, “चल, बघू तरी तुझ्या बारवंत किती दम हाय. सांग तिला माझं नाव. मार हाक! मिलिंऽ—”

माझं तोंड बंद झालं. तू उठून आली होतीस आणि तुझा सगळा तळहात माझ्या तोंडावर होता. दातांना लागला इतका जोरात.

“येडा झालास का?” तू म्हणालीस. “सगळ्या बुकात एवढं एक नाव वाचवलं मी. आन् तू इथं बोंबलून सांगून राहिला!”

अक्का, त्या क्षणापर्यंत मी तुझ्यावर रुसलेलो होतो. कादंबरीत सगळ्यांना नावं आहेत. आत्याला आहे, मास्तराला आहे, तलाठ्याच्या कुत्र्याला आहे. फक्त पोरीच्या धाकट्या भावाला नाव नाही. ‘लहाना’ म्हणते ती त्याला. मी किती वेळा टोमणे मारले, की स्वतः खिळे जुळवले आणि स्वतःचंच नाव नाही. आणि आता साठी ओलांडलेली माझी बहीण, झेडपीची रिटायर कारकून, भुतंखेतं न मानणाऱ्या घरातली, एका कोरड्या बारवेला माझं नाव कळू नये म्हणून माझं तोंड दाबून उभी होती. गोवर कधीच उतरला होता. तुझ्यातून उतरला नव्हता.

मग तू हात काढलास, पदरानं माझं तोंड पुसलंस, जसं काही मीच लहान, आणि पुन्हा दगडावर बसलीस. पायरीवर बोट फिरवत म्हणालीस, “पाणी होतं तेव्हा इथं येऊ देत नव्हते आपल्याला.”

मी म्हटलं, “मग ती पोरगी म्हणून उतरती का?”

“पाणी प्यायला उतरत असेल. कुणाला ठाऊक.”

“आन् वर येती?”

तू चौकोनी आभाळाकडं बघत बसलीस, बसूनच राहिलीस, आणि माझा धीर सुटला. मी ओरडलो, “साप! अक्का, साप! ह्योऽ एवढा!”

तू सावकाश माझ्याकडं बघितलंस. तिथं साप काय, गांडूळ नव्हतं. “केवढा?” तू विचारलंस.

“पाच हात. न्हाई, सात.”

“सात हाताचा असंल तर चल बाबा,” म्हणालीस आणि माझा हात धरून वर आलीस. मधे मधे थांबून हसत होतीस. माझ्या सगळ्या थापांतली ती सगळ्यात हलकी थाप. आणि तू ती पैसे देऊन घेतल्यासारखी जपून घेतलीस.

तरी धास्ती गेली नाही. ‘इथंच राहावंसं वाटतं’ हे माझ्या कानात बसलं होतं.

आता शेवटचा दिवस. तो तुला माहीत आहे. पण मी कसा बघितला ते माहीत नाही.

तुझा रोजचा नेम, संध्याकाळी जिना चढून गच्चीवर जायचं आणि सिंटेक्सच्या टाकीवर टिचकी मारून पाणी किती ते आवाजावरून सांगायचं. झाकण उघडून बघता येतं, हे मी तुला शेकडो वेळा सांगितलं. तू म्हणायचीस, वाकून आत बघायचं नाही मला. त्या दिवशी नळाला पाणी आलेलं, मोटार चालू, तू वर. मी खाली चहा केला. बायको माहेरी होती, त्यामुळं साखर माझ्या मनाची. दोन कप टेबलावर ठेवले आणि जिन्याखालून हाक मारली.

“अक्काऽ!”

“ओऽऽ!” वरून आवाज आला. “उतरून राहिलेऽ!”

अक्का, तू हे वाक्य त्याआधीही हजारदा म्हणाली असशील. आपल्या घरात सगळेच म्हणतात. पण त्या दिवशी मी जिन्याखाली उभा होतो आणि तुझे पाय दिसायला लागले. आधी जोडवी नसलेली बोटं, मग चपला, मग साडीचा ओला काठ. एकेक पायरी, कठड्याला हात. आणि तू खाली आलीस. सगळीच्या सगळी. शेवटची पायरी संपली, फरशी आली, तू खुर्चीत बसलीस, कप उचललास, एक घोट घेतलास.

“साखर घातलीस का पोतं उलटं केलंस?” म्हणालीस. आणि मग, “टाकी भरलीय. वाहून चाललंय सगळं. मोटार बंद कर.”

मी मोटार बंद करायला मागं गेलो. बटण दाबलं. गच्चीवरून पन्हाळीतून पाणी खाली सांडत होतं, अंगणात, तुळशीगत वाढलेल्या त्या सब्ज्यावर, माझ्या पायांवर. उन्हाळ्यात लातुरात आपल्या घरचं पाणी वाया जातंय आणि मी ते बघत उभा, जरासा. मग आत आलो. कप रिकामा होता. तू मान खुर्चीला टेकवली होतीस.

मी तुला हाक मारली. तू ओ दिली नाहीस. दिवस मावळला होता, दुपार नव्हती, तरी दिली नाहीस.

परवा जलदानाला भन्तेजींनी मला तांब्या दिला, आणि गाथा चालू असताना संथ धार सोडायला सांगितली. खालचं ताट भरलं, काठावरून सांडायला लागलं. भन्तेजी खुणेनं म्हणाले, पुरे. माझा हात काही थांबेना. आत्याचा नातू कानाशी कुजबुजला, “मामा, बस करा, सतरंजी भिजली.”

भिजू दे म्हटलं. आमच्या अक्काची टाकी भरलेली आहे.